एडिसनची परसबाग: भेंडीला सवड आहे, वालाला नाही

न्यू जर्सीत एडिसन आणि पिस्कॅटवेच्या पट्ट्यात मराठी घरांमागे उन्हाळ्यात हमखास एक दुधीचा मांडव दिसतो. हे प्रकरण तिथल्याच एका परसबागेचं आहे. घरात चार माणसं. मे ते ऑक्टोबर पुण्याहून आलेले आई-बाबाही मुक्कामाला असतात, म्हणजे पाणी घालायला आणि तण काढायला माणूसबळ आहे. मागच्या अंगणात 4 फूट रुंद आणि 8 फूट लांब असे लाकडी चौकटीचे तीन वाफे. पहिला वाफा घराच्या दक्षिणेकडच्या विटांच्या भिंतीलगत, दुसरा अंगणाच्या मध्यावर, तिसरा कुंपणाजवळ, जिथे जमीन सगळ्यात खाली उतरते. माती या भागातली नेहमीची: लालसर, चिकट, शेल खडकापासून झालेली. पाणी धरून ठेवते आणि वसंतात उशिरा तापते.

पहिल्या वर्षी काय झालं ते थोडक्यात. पिनकोड टाकून 'शेवटच्या फ्रॉस्टची तारीख' (फ्रॉस्ट म्हणजे दव गोठवणारी थंडी) शोधली, उत्तर आलं 20 एप्रिल. चार दिवस जास्तीचे धरून 24 एप्रिलला सगळं एकदम लावलं: भेंडी, गवार, वाल आणि मिरचीचं बी थेट वाफ्यात, दुधी, टोमॅटो आणि वांग्याची विकत आणलेली रोपं, शिवाय मेथी. भेंडी आणि गवार उगवलीच नाही, बी उकरून पाहिलं तर कुजलेलं. दुधीची रोपं मेच्या पहिल्या आठवड्यात एका पहाटे काळी पडली. टोमॅटो जगले, पण महिनाभर तसेच खुरटून उभे राहिले. मेथी एकदा खुडली, मग जूनमध्ये तिला फुलं आली. मिरच्या सप्टेंबरच्या शेवटी धरल्या आणि हिरव्याच गेल्या. वालाचा वेल मात्र असा फोफावला की कुंपण दिसेना. पण त्याला पहिली फुलं सप्टेंबर संपताना आली आणि ऑक्टोबरात फ्रॉस्टने सगळा वेल एका रात्रीत झोपवला. वालाची एक शेंगसुद्धा हाती लागली नाही.

यातल्या प्रत्येक फजितीचं कारण वेगळं आहे आणि 'थंडी जास्त होती' हे त्यातल्या एकाच फजितीला लागू पडतं.

20 एप्रिल म्हणजे नेमकं काय

अमेरिकेत या तारखा 'नोआ' या सरकारी हवामान संस्थेच्या 30 वर्षांच्या सरासरीवरून काढतात. सध्या 1991 ते 2020 हा कालखंड वापरात आहे. प्रत्येक हवामान केंद्रासाठी काही ठरावीक तापमानं दिलेली असतात, त्यातली बागेसाठी कामाची तीन: 36, 32 आणि 28 अंश फॅरनहाइट, म्हणजे 2.2, शून्य आणि उणे 2.2 सेल्सिअस. आणि प्रत्येक तापमानासाठी वेगवेगळ्या शक्यतांच्या तारखा. पिनकोडवर मिळणारी एकच तारीख बहुतेक वेळा 32 अंशाची 50 टक्के शक्यतेची असते. त्या तारखेनंतरही दर दोन वर्षांतून एकदा पारा शून्याला टेकतो, असा तिचा अर्थ. नाजूक रोपांसाठी हा जुगार झाला. त्यांना 10 टक्क्यांची तारीख घ्यायची, आणि ती या पट्ट्यात मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पडते. म्हणूनच इथले जुने माळी 15 मेच्या आत टोमॅटो बाहेर काढत नाहीत. तेही दर वर्षी पुरतंच असं नाही. 2020 साली 9 मेला ईशान्य अमेरिकेत कडाक्याची थंडी आली होती आणि 18 मे 2023 च्या पहाटेच्या फ्रॉस्टने न्यूयॉर्क आणि व्हरमाँटमधल्या द्राक्ष-सफरचंदांच्या बागा भाजून काढल्या.

दुसरी गोष्ट केंद्राच्या जागेची. नेवार्क विमानतळाची तारीख एडिसनच्या अंगणापेक्षा बरीच आधीची असते, कारण तिथे डांबर, काँक्रीट आणि खाडीचं पाणी आहे. शिवाय केंद्रातला तापमापक जमिनीपासून दीड-दोन मीटर उंच असतो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते आणि जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा दोन-चार अंश सेल्सिअसने थंड होते. त्यामुळे अंदाज 36 फॅरनहाइटचा असला तरी पानावर गोठलेलं दव पडू शकतं. गार हवा जड असते, ती उतारावरून खाली वाहते आणि कुंपणाशी साचते. दुधीची रोपं याच तिसऱ्या वाफ्यात होती. भिंतीलगतच्या वाफ्यात त्याच पहाटे टोमॅटोला काही झालं नाही.

याच ठिकाणी आणखी एक गोंधळ होतो. अमेरिकेचा कृषी विभाग जो 'हार्डिनेस झोन'चा नकाशा काढतो (2023 मध्ये तो सुधारला), त्यात हा भाग 7ए-7बी मध्ये येतो. हा आकडा वर्षातल्या सगळ्यात थंड रात्रीची सरासरी सांगतो, म्हणजे डाळिंबाचं झाड हिवाळ्यात बाहेर तगेल का, एवढंच. भाजीचा हंगाम किती लांब आणि किती उबदार, याचा त्याच्याशी संबंध नाही. सिअ‍ॅटल न्यू जर्सीपेक्षा वरच्या झोनमध्ये आहे आणि तिथे फ्रॉस्टमुक्त दिवसही भरपूर, तरी तिथे भेंडी रडत येते, कारण उन्हाळ्यातल्या रात्री गार असतात.

हवा आणि माती, दोन वेगळे हिशेब

भेंडी-गवारीचं बी फ्रॉस्टने मेलं नाही. ते जमिनीच्या आत होतं, फ्रॉस्ट तिथे पोचतच नाही. 24 एप्रिलला चिकणमातीचं तापमान साधारण 11-12 सेल्सिअस असतं. भेंडीला निदान 18 हवं, गवारीला 21. त्याखाली बी पाणी पिऊन फुगतं, कोंब फुटत नाही आणि बुरशी ते खाऊन टाकते. रात्रभर भिजवून पेरलेलं बी तर आणखी लवकर कुजतं, म्हणून भिजवणं फक्त गरम मातीसाठी राखून ठेवावं.

मातीचा तापमापक दहा-पंधरा डॉलरला मिळतो. सकाळी आठच्या सुमारास 5 सेंटिमीटर खोल खुपसून वाचायचा, सलग चार दिवस. दुपारचा आकडा फसवा असतो. माती लवकर तापवायची असेल तर लावणीआधी दोन आठवडे वाफ्यावर काळं प्लास्टिक ताणून बसवावं. ते मातीला घट्ट चिकटलं पाहिजे, मध्ये हवा राहिली तर उपयोग अर्धा होतो.

टोमॅटो-वांग्याचं खुरटणं हा याचाच भाऊबंद. टोमॅटोला रात्री 10 सेल्सिअसच्या वर हव्यात, वांग्याला 13 च्या वर. त्याखाली रोप मरत नाही, पण मुळं स्फुरद (फॉस्फरस) उचलत नाहीत, पानांची खालची बाजू जांभळट होते. मग लोक खत घालतात. खताने काही होत नाही, ऊन तापायची वाट पाहावी लागते. 24 एप्रिल आणि 15 मे अशा दोन तारखांना लावलेली रोपं जुलैत शेजारी शेजारी पाहिली तर उशिराचीच बहुधा पुढे असतात.

सवडीचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. वसंतातल्या तारखेवर सगळ्यांची नजर असते. खरा हिशेब शरद ऋतूतून मागे मोजत यायचा असतो. महाराष्ट्रात मृगाचा पाऊस पेरणीची सुरुवात ठरवतो आणि शेवट बराच लवचीक असतो. निफाडला किंवा महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दव गोठतं तेव्हाही पिकाचं नुकसान होतं, हंगाम संपत नाही. इथे ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात पडदाच पडतो. आणि उष्ण प्रदेशातल्या भाज्यांसाठी तो त्याही आधी पडतो: रात्री 13 सेल्सिअसच्या खाली जायला लागल्या की भेंडीची बोंडं वाढत नाहीत, म्हणजे तिचा हंगाम 25 सप्टेंबरच्या आसपासच संपला.

म्हणून प्रत्येक भाजीसाठी चार आकडे लिहायचे: माती किंवा रात्री पुरेशा तापायची तारीख, उत्पादन थांबायची तारीख, पहिल्या तोड्यापर्यंतचे दिवस आणि किती दिवस तोडणी हवी आहे ते. पहिल्या दोन तारखांमधल्या दिवसांतून उरलेले दोन आकडे वजा केले की उरते ती सवड.

भेंडी: 25 मे ते 25 सप्टेंबर, 123 दिवस. पहिला तोडा 55 दिवसांनी, तोडणी 6 आठवडे, म्हणजे 42 दिवस. सवड 26 दिवस. याचा अर्थ जूनच्या मध्यावर पेरलेली भेंडीही सहा आठवडे भाजी देते. एप्रिलमध्ये घाई करून काहीच हाती लागत नाही.

गवार: 1 जून ते 20 सप्टेंबर, 111 दिवस. पहिला तोडा 55, तोडणी 28. सवड 28.

टोमॅटो, रोपापासून: 15 मे ते 10 ऑक्टोबर, 148 दिवस. 75 आणि 42 वजा जाता 31.

हिरवी मिरची, दहा आठवड्यांचं रोप लावून: 20 मे ते 1 ऑक्टोबर, 134 दिवस. 75 आणि 42 वजा जाता 17. तेच बी थेट वाफ्यात टाकलं तर रोप व्हायलाच सत्तरेक दिवस जातात आणि हिशेब उणे 53 वर येतो. पहिल्या वर्षी नेमकं हेच झालं. लाल मिरची हवी असेल तर पिकायला आणखी तीन-साडेतीन आठवडे धरा, म्हणजे दहा आठवड्यांच्या रोपालाही सवड उरत नाही. त्यासाठी मिरची कुंडीत ठेवून ऑक्टोबरात घरात घेणं हाच सोपा मार्ग.

आणि वाल. त्याचा हिशेब या पद्धतीने मांडताच येत नाही, कारण गावठी वाल पेरणीपासूनचे दिवस मोजत नाही, दिवसाची लांबी मोजतो. एडिसन साडेचाळीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनमध्ये दिवस 15 तासांचा असतो आणि तो 12 तासांवर येतो सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. तोवर वेल नुसती पानं करतो. 25 सप्टेंबरला फूल, त्यानंतर शेंगेत दाणा भरायला निदान 35 दिवस, म्हणजे 30 ऑक्टोबर. फ्रॉस्ट 20 ऑक्टोबरच्या आसपास. दहा दिवस कमी पडतात आणि पेरणी मार्चमध्ये केली तरी ते दहाच कमी पडतात. तुरीचं तेच, दोडक्याच्या बऱ्याच वाणांचं तेच. अंबाडीला पानांसाठी काहीच अडचण नाही, फक्त लाल बोंडांची आशा ठेवू नये. वालात दिवसमान न मानणारे बुटके वाण आहेत. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे अर्का जय आणि अर्का विजय हे त्यातले. बी घेताना एवढंच विचारायचं: झुडूप की वेल, आणि दिवसमानाला संवेदनशील आहे का. फरसबीला ही भानगड नाही.

गावाहून बॅगेतून बी आणायची सवय असलेल्यांसाठी: पेरणीच्या बियाण्याला अमेरिकेत फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र (बी रोग-कीडमुक्त असल्याचा सरकारी दाखला) लागतं, आणि कढीपत्त्याचं रोप वा ताजी पानं आणायला मनाई आहे, कारण त्यावरून लिंबूवर्गीय झाडांचा सायला कीटक येतो. बी इथल्याच भारतीय भाज्यांच्या विक्रेत्यांकडून घ्यावं.

दुसऱ्या वर्षाचा आराखडा

वाफे बदलले नाहीत, कोणत्या वाफ्यात काय हे बदललं. भिंतीलगतचा उबदार वाफा भेंडी, वांगी, मिरचीला. त्याच्या अर्ध्या भागात 30 सेंटिमीटरवर 16 भेंड्या, उरलेल्यात वांग्याची 2 आणि मिरचीची 3 रोपं. टोमॅटो भिंतीपाशीच मोठ्या पिशव्यांत. मधल्या वाफ्यात आधी मटार, मग चवळी, आणि उत्तरेच्या टोकाला जाळीवर दुधी, म्हणजे त्याची सावली बाकीच्यांवर पडत नाही. कुंपणाजवळचा थंड वाफा ज्यांना थंडीच हवी त्यांना: मेथी, पालक, मुळा, लसूण. जी जागा दुधीला मारक होती ती मेथीला मानवते, कारण तिथे जूनमध्येही सकाळ गार असते.

तारखांचा क्रम असा. 6 मार्चला मिरची आणि 20 मार्चला वांगी घरात पेरायची. मिरचीला उगवायला 25 ते 30 सेल्सिअस लागतं, म्हणून ट्रेखाली गरम चटई. टोमॅटो 3 एप्रिलला. दिवे रोपांच्या वर 5 ते 8 सेंटिमीटरवर, रोज 14 ते 16 तास. खिडकीतल्या उजेडावर भिस्त ठेवली तर रोपं लांबोडकी होऊन लोळतात. मटार 20 मार्चला थेट बाहेर. मेथी, पालक, कोथिंबीर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. दुधी 29 एप्रिलला कागदी कुंडीत, तीन आठवड्यांनी कुंडीसकट जमिनीत. त्याची मुळं हलवलेली चालत नाहीत. घरातली रोपं बाहेर लावण्याआधी आठ-दहा दिवस रोज थोडा थोडा वेळ उन्हा-वाऱ्यात ठेवायची. ही पायरी गाळली की पानं पांढरी होऊन करपतात आणि लोक त्याला रोग समजतात.

मटार 20 जूनच्या सुमारास संपतो, त्याच्या जागी लगेच चवळी. थंड वाफ्यातली मेथी-कोथिंबीर जूनमध्ये फुलावर येणारच: मोठा दिवस आणि उष्णता दोन्ही तिच्या विरुद्ध. तिला वाचवायच्या फंदात न पडता उपटायची आणि जुलैत लाल माठ टाकायचा, जो 25-30 दिवसांत येतो आणि कडक उन्हातच खुलतो. मग हा वाफा अर्धा-अर्धा वाटायचा. एका भागात 12 ऑगस्टला मुळा. दुसऱ्यात 1 सप्टेंबरला मेथी, जी ऑक्टोबरच्या सुरुवातीला खुडून होते, आणि तिथेच 20 ऑक्टोबरनंतर लसूण: पाकळी 5 सेंटिमीटर खोल, 15 सेंटिमीटर अंतरावर, वर 10 सेंटिमीटर वाळल्या पानांचं आच्छादन. लसूण पुढच्या जुलैच्या सुरुवातीला निघतो. पुढच्या वर्षी भागांची अदलाबदल.

शरदातल्या पेरणीत एक चूक सर्रास होते. पाकिटावरचे दिवस वसंतातले असतात. ऑगस्टनंतर दिवस आखडत जातो, म्हणून प्रत्येक पिकाला 14 दिवस जास्तीचे धरायचे. मुळा 55 दिवसांचा असेल तर 69 मोजा: 12 ऑगस्टवरून 20 ऑक्टोबर. मुळ्याला हलका फ्रॉस्ट चालतो, गोडीच येते, त्यामुळे त्याची मर्यादा 32 अंशाची नसून 28 अंशाची, आणि ती नोव्हेंबरात सरकते. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर दिवस 10 तासांपेक्षा लहान असतो; तेव्हा पालक जिवंत राहतो पण वाढत नाही. वाढ त्याआधीच झालेली हवी.

फ्रॉस्टची रात्र

अंदाजात फक्त किमान तापमान पाहू नये. 40 फॅरनहाइट किंवा खाली, आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि दवबिंदू तापमान (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसते ते) तिशीच्या आसपास, हे चारही जुळले तर झाकायचं. ढग किंवा वारा असेल तर 36 वरही बहुधा निभावतं. दुपारी मातीला पाणी द्यावं. ओली माती दिवसाची ऊब जास्त साठवते. झाकण सूर्य मावळण्याआधी, कारण त्यानंतर ऊब निघून गेलेली असते. चौरस मीटरला 17 ग्रॅम वजनाचं पातळ कापड एक-दोन अंश सेल्सिअसचा आधार देतं, 50 ग्रॅमचं तीन-चार अंशांचा. जुनी सुती साडी चांगली चालते, एका साडीत अख्खा वाफा झाकला जातो. कापड जमिनीपर्यंत पोचून कडांवर विटा ठेवलेल्या हव्यात. रोपाच्या खोडाभोवती गाठ मारली तर मातीची ऊब आत येतच नाही आणि झाकण्याचा मुद्दाच जातो. प्लास्टिक पानाला टेकलं की टेकलेलं पान गोठतं. सकाळी ऊन आल्यावर लगेच काढायचं.

ऑक्टोबरातली पहिली फ्रॉस्ट बऱ्याचदा एकटीच येते, मागून दहा-बारा उबदार दिवस असतात. टोमॅटोसाठी ती एक रात्र झाकणं फायद्याचं, भेंडीसाठी नाही. अळू पहिल्या फ्रॉस्टने काळं पडलं की कंद उकरून कोरडे करून तळघरात ठेवायचे.

कुंडीतली मंडळी

कढीपत्ता आणि तुळस यांची तारीख फ्रॉस्टची नाही, 10 सेल्सिअसची. सप्टेंबरच्या शेवटी रात्री तिथे पोचतात. आत घेण्याआधी पानांची खालची बाजू तपासून कीटकनाशक साबणाचं पाणी दोनदा, आठवड्याच्या अंतराने मारावं, नाहीतर खवले कीड आणि कोळी कीड घरभर होते. आत आल्यावर कढीपत्ता निम्मी पानं गाळतो. तेव्हा पाणी वाढवायचं नाही, कमी करायचं. तुळशीचं लग्न कार्तिकात, म्हणजे बहुधा नोव्हेंबरात. वाफ्यातली तुळस तोवर उरत नाही, म्हणून ऑगस्टमध्येच एक फांदी कुंडीत रुजवून ठेवावी. दसऱ्याच्या झेंडूला मात्र पंचांग बघावं लागतं: अधिक महिन्याच्या वर्षी दसरा ऑक्टोबरच्या चौथ्या आठवड्यापर्यंत जातो, नेमका फ्रॉस्टच्या तोंडावर, आणि त्या वर्षी फुलं दोन-तीन दिवस आधीच तोडून फ्रीजमध्ये ठेवलेली बरी.

गावठी वालाचाच हट्ट असेल तर एक मार्ग उरतो. 40 लिटरच्या कुंडीत दोन वेल, चाकांच्या पाटावर. ऑगस्टच्या सुरुवातीपासून रोज संध्याकाळी पाचला कुंडी अंधाऱ्या गॅरेजमध्ये ढकलायची आणि सकाळी आठला बाहेर काढायची, म्हणजे वेलाला 9 तासांचाच दिवस दिसतो. तीन-चार आठवडे हे न चुकता झालं तर ऑगस्टअखेर कळ्या दिसू लागतात आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात दाणे भरतात. गॅरेजमधला दिवा मध्यरात्री कुणी दहा-पंधरा मिनिटं लावला तरी अंधाराची सलगता मोडते आणि त्या रात्रीची मेहनत वाया जाते. उसळीच्या एका वाढणीपलीकडे यातून फार काही निघत नाही.